सनईची पत्ती : बालाघाटच्या हवेत ती कशी जपावी

जुन्या घराच्या माळ्यावर सनई सापडते, तेव्हा बहुतेक वेळा तिची लाकडी नळी शाबूत असते. खालचा पितळी कर्णा काळवंडलेला असतो, पण चिंचेने घासला की उजळतो. नसते ती पत्ती. असलीच तर दोऱ्याला लोंबत असलेला, कीड लागलेला तपकिरी तुकडा. घरची मंडळी तो काढून टाकतात, नळी पुसतात आणि दिवाणखान्यात भिंतीवर लावतात. वाद्य वाचलं असं सगळ्यांना वाटतं. खरं पाहता नळी ही सनईची काया आणि पत्ती हा तिचा गळा. गळा गेल्यावर उरतं ते लाकूड.

या टिपणात पत्तीबद्दल, आणि मुख्यतः तिच्यातल्या ओलाव्याबद्दल, सांगायचं आहे. ज्यांच्या घरी वाजती सनई आहे त्यांना ती वाजती ठेवता यावी आणि ज्यांच्या हाती जुनी पत्ती लागली आहे त्यांनी ती केरात टाकू नये, एवढाच हेतू.

पत्ती म्हणजे काय

सनईची पत्ती गवताची असते. नदीकाठच्या, पाणथळ जागेतल्या नळ जातीच्या पोकळ गवताचा छोटा तुकडा घेतात, भिजवतात, एका टोकाकडून दाबून चपटा करतात आणि तासून पातळ करतात. दुसरं टोक गोलच राहतं. ते बारीक धातूच्या नळीवर बसवून दोऱ्याने आवळतात. चपट्या टोकाला दोन ओठ तयार होतात. फुंक घातली की हे ओठ सेकंदाला शेकडो वेळा उघडतात आणि मिटतात. तोच सनईचा आवाज. नळी आणि तिच्यावरची छिद्रं त्या आवाजाला उंची देतात, कर्णा तो मोकळा करतो, पण जन्म पत्तीत होतो.

उत्तरेत बिहारमधलं डुमराव या गवतासाठी प्रसिद्ध आहे. बिस्मिल्ला खाँ यांचा जन्म तिथलाच, १९१६ सालचा. तिकडे या गवताला नरकट म्हणतात. दक्षिणेत नागस्वरमच्या पत्तीला सीवाळी म्हणतात आणि कावेरीकाठच्या तिरुवावडुदुरैच्या सीवाळ्या नावाजलेल्या. ज्या बोरूने आपल्या पूर्वजांनी दफ्तरं लिहिली तोही याच गवतकुळातला. म्हणजे एकाच कुळातून लेखणीही आली आणि पत्तीही. लिहिलेलं आपण जपलं, वाजलेलं मात्र विरून गेलं.

वादकाच्या सनईला दोऱ्याने दोन-तीन जास्तीच्या पत्त्या आणि एक बारीक सुई बांधलेली दिसते. ती शोभेसाठी नसते. पत्ती वाजवता वाजवता बंद पडू शकते, म्हणून दुसरी हाताशी लागते. सुईने पत्तीचं तोंड साफ करतात आणि जरुरीपुरतं उघडतात. शिवाय एकटी सनई क्वचितच वाजते. सोबत दुसरा माणूस ‘सूर’ धरतो, म्हणजे एकच आधारस्वर सलग फुंकत राहतो. त्याच्या वाद्यालाही पत्ती लागतेच. दोघांच्या पत्त्या हवेने वेगवेगळ्या बिघडल्या की स्वर जुळत नाहीत, मग सनईवाला कितीही तयारीचा असो.

घाटावर आणि घाटाखाली

आपला जिल्हा इंग्रजी अमदानीत १८६७ नंतर भंडारा, मंडला आणि शिवनी यांचे भाग जोडून बनला. मुख्यालयाचं जुनं नाव बुढा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर आणि विदर्भ तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो. सीमा बदलली, लग्नाच्या वरातीतलं वाद्य बदललं नाही. भंडारा-गोंदियाकडे सनई, इकडे शहनाई, पूर्वेला छत्तीसगढात मोहरी. दिंडोरीकडच्या गुदुम बाजातही गुदुम, डफला आणि टिमकीबरोबर शहनाई असतेच. नावं निराळी, घडण थोडी लहानमोठी, पण तोंडाशी सगळ्यांच्या गवताचीच पत्ती.

‘बालाघाट’ या नावातच घाटावरचा मुलूख आहे. खाली वैनगंगेचं खोरं, धानाची बांधी आणि तलाव. वर बैहरचं पठार आणि साल-बांबूचं जंगल. पावसाळ्यात दोन्हीकडे हवा इतकी ओली की पापड मऊ पडायला अर्धा तास पुरतो. मे महिन्यात उलट. दुपारी पारा ४२-४३ अंशांवर, अंगावरचा घाम अंगावरच वाळतो, लाकडी दार आकसून फटी पडतात.

आता लग्नसराईचं पंचांग पाहा. तुळशीचं लग्न झालं की सनई बाहेर निघते आणि अक्षय्य तृतीयेच्या आसपास कामाचा कळस होतो. म्हणजे जिल्ह्यात हवा सगळ्यात कोरडी असते, नेमकं तेव्हाच वाद्य सगळ्यात जास्त वाजतं. पुढे चातुर्मासात मुहूर्त नसतात. हवा सगळ्यात दमट असते आणि सनई पिशवीत पडून राहते. उन्हाळ्यात पत्ती फुटते आणि पावसाळ्यात बुरसते. वर्षाचं हे चक्र ध्यानात घेतलं की जपणुकीचे अर्धे नियम आपोआप कळतात.

कोरडी हवा, ओली हवा

‘हवेत ओलावा किती’ याला दोन अर्थ आहेत. एक, प्रत्यक्ष पाणी किती. दुसरा, हवा जेवढं पाणी धरू शकते त्याच्या तुलनेत किती. पत्तीला दुसरा लागू पडतो. त्यालाच सापेक्ष आर्द्रता म्हणतात.

एक घनमीटर हवा २५ अंशांवर सुमारे २३ ग्रॅम वाफ धरू शकते. तीच ४२ अंशांवर ५६ ग्रॅमच्या आसपास धरते. समजा मे महिन्यात त्या हवेत प्रत्यक्ष १० ग्रॅम पाणी आहे. ४२ अंशांवर आर्द्रता झाली साधारण १८ टक्के. हीच हवा पहाटे २५ अंशांपर्यंत निवली, तर तेवढ्याच पाण्यावर आर्द्रता ४३ टक्के. पाणी वाढलं नाही, कमी झालं नाही. नुसती हवा थंड झाली आणि आकडा दुपटीच्या वर गेला. म्हणून पत्तीची डबी कुठे ठेवली, उन्हात की सावलीत, याला इतकं महत्त्व. उभ्या मोटारीत काचेजवळ ठेवलेली डबी तासाभरात पत्ती वाळवून टाकते.

गवत, लाकूड, कागद हे सगळे हवेतून पाणी घेतात आणि हवेला परत देतात. ६० ते ६५ टक्के आर्द्रतेत ठेवलेल्या लाकडात वजनाच्या ११-१२ टक्के पाणी असतं. २० टक्के आर्द्रतेत ते ४-५ टक्क्यांवर येतं. पत्तीचंही तसंच. फरक एवढाच की पत्ती कागदासारखी पातळ, त्यामुळे तिच्यात हा बदल फार लवकर होतो. शिवाय गवताची बाहेरची साल कठीण आणि आतला गर मऊ. दोन्ही सारखे फुगत नाहीत, सारखे आकसत नाहीत. म्हणून पत्ती नुसती लहानमोठी होत नाही, तिचा बाक बदलतो, आणि बाक बदलला की दोन ओठांमधली फट बदलते.

वाळलेली पत्ती बहुधा मिटू लागते. स्वर चढतो, आवाज किरटा होतो, खालचे स्वर दगा देतात. फार वाळली की कडेला उभी चीर जाते. अशी पत्ती दुरुस्त होत नाही. उलट जास्त भिजलेली पत्ती उघडते आणि जड होते. फुंक जास्त लागते, स्वर उतरतो, आवाज बसका येतो. आणि आर्द्रता बरेच दिवस ७५-८० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. वाजवलेल्या पत्तीत थुंकीचा अंश असतो, त्यामुळे बुरशीला आयतंच खाद्य.

चीर आर्द्रतेच्या आकड्यापेक्षाही तिच्या धक्क्याने जाते. आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघरी कूलर. कूलरच्या खोलीत हवा चांगली दमट असते. तिथून सनई काढली आणि दुपारच्या वरातीत १८ टक्क्यांच्या हवेत नेली, की पत्तीला आणि लाकडालाही तो झटका बसतो. डबी तासभर आधी सावलीच्या ओसरीवर आणून ठेवावी, बंदच असू द्यावी, मग उघडावी.

मशकबाजाकडून काय शिकावं

पलटणींच्या आणि पोलिसांच्या संचलनात चामडी पिशवीचा जो बॅगपायपर दिसतो, आणि कुमाऊँ-गढवालमध्ये जो मशकबाजा लग्नात वाजतो, त्यातही गवताच्याच पत्त्या असतात. स्वर काढणाऱ्या नळीत आपल्या सनईसारखी दोन ओठांची, आणि खांद्यावरच्या आधारस्वराच्या नळ्यांत पारंपरिकरीत्या एका जिभेची. त्यांच्यासाठीचं गवत पूर्वापार दक्षिण फ्रान्सच्या व्हार भागातून येतं.

फरक मोठा आहे. सनईवाला पत्ती ओठांत धरतो. सुकली असं वाटलं तर जिभेने ओली करतो आणि ओठांच्या दाबाने चढाउतार सावरून घेतो. मशकबाजात पत्ती नळीच्या आत दडलेली. तिला जीभ लागत नाही, ओठ लागत नाहीत. श्वासातली वाफ पिशवीतून येईल तेवढाच तिचा ओलावा, आणि एकदा बिघडली की वाजवताना सावरायची सोय नाही. म्हणून त्या वादकांनी साठवणुकीचं शास्त्र बारकाईने केलं. पत्तीवर झाकण, डबीत आर्द्रतामापक, आणि हवा एका ठरावीक आकड्यावर धरणारी क्षारद्रावणाची पाकिटं. त्यांचे आकडे ६० ते ६५ टक्क्यांच्या आसपास घोटाळतात. आपल्या सनईलाही तेच मानवतात. बुरशीच्या रेषेच्या खाली आणि चिरेच्या रेषेच्या बरेच वर.

घरच्या घरी डबी

महाग काही लागत नाही. घट्ट झाकणाचा छोटा प्लॅस्टिकचा डबा, आत पत्त्या उभ्या राहतील अशी बारीक काड्या रोवलेली पट्टी आणि एक लहान आर्द्रतामापक. पत्ती गोल टोकाने काडीवर बसवावी. चपटं तोंड कशालाही टेकता कामा नये. कापसात किंवा चिंधीत गुंडाळलेली पत्ती दबते आणि धागे तोंडात अडकतात.

मापकावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. स्वस्त मापक पाच-सात टक्क्यांनी सहज चुकतात. तपासायची पद्धत सोपी आहे. बाटलीच्या झाकणात घरचं मीठ घ्यावं, ओल्या वाळूइतकं होईल एवढेच थेंब पाणी घालावं. हे झाकण आणि मापक हवाबंद पिशवीत रात्रभर एके जागी ठेवावं. मिठाच्या दाट द्रावणावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. हा निसर्गाचा नियम आहे, कंपनीचा दावा नाही. मापकाने ७० दाखवलं तर तो ५ ने कमी दाखवतो असं टाचण डब्यावर चिकटवावं. हे मीठ पत्तीच्या डब्यात मात्र ठेवू नये. ७५ हा आकडा बुरशीच्या फार जवळ आहे, आणि मीठ पसरून धातूची नळी गंजते.

आता एक गंमत, जी कळली तर निम्मा खर्च वाचेल. १०० मिलिलिटरच्या डबीत जेवढी हवा मावते, तिच्यात २५ अंशांवर पूर्ण भिजली तरी फक्त २.३ मिलिग्रॅम पाणी असतं. अर्ध्या ग्रॅमच्या एका पत्तीत मात्र ६० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे पंचवीस पट. अर्थ असा की छोट्या, खरोखर घट्ट डबीत हवा पत्तीला बदलत नाही. पत्तीच हवेला आपल्यासारखी करून घेते. डबी ज्या दिवशी बंद केली त्या दिवसाची हवा आत टिकते. म्हणून दिवाळीनंतरच्या एखाद्या सकाळी, मापक ६०च्या घरात असेल तेव्हा, पत्त्या दोन-तीन दिवस सावलीत मोकळ्या ठेवाव्यात आणि मग डबी बंद करावी. श्रावणात घाईने बंद केलेली डबी हवाबंद असल्यामुळेच बुरसते.

ऋतूनुसार एवढं करावं :

उन्हाळ्यात डबीच्या कोपऱ्यात, भोकं पाडलेल्या छोट्या झाकणात, घट्ट पिळलेला स्पंजाचा तुकडा ठेवावा. पत्तीला तो लागू नये. मापक ६५ला पोचला की स्पंज काढावा. डबी घरातल्या गार कोपऱ्यात, माठाच्या खोलीत ठेवली तर उत्तम, पण माठाला टेकवून नको.

पावसाळ्यात सिलिका जेलची पांढरी पुडी वापरावी आणि आकडा ५५-६०वर आला की तीही काढावी. पुडी आत विसरली तर श्रावणातही पत्ती मे महिन्यासारखी वाळते. निळे दाणे घेऊ नयेत. तो रंग कोबाल्टच्या क्षाराचा असतो, आणि पत्ती तोंडात जायची असते. तांदळात पत्ती पुरून ठेवणं टाळावं. तांदूळ ओलावा ओढतो खरा, पण किती ओढतो यावर ताबा नाही, आणि सोंडे तांदळातून गवताकडे वळायला वेळ लावत नाहीत. डांबराच्या गोळ्या तर पत्तीजवळ कधीच नकोत.

हिवाळ्यात बैहरकडे रात्री कडाक्याची थंडी आणि दिवसा ऊन. डबी खिडकीत ठेवू नये, एवढं पुरे.

वाजवण्याआधी आणि नंतर

वाजवण्याआधी पत्ती काही क्षण ओठांत धरून किंवा स्वच्छ पाण्यात टोक बुडवून मऊ करावी. पेल्यात पंधरा मिनिटं टाकून ठेवली की ती फुगते आणि मग सुकताना वाकडी होते. नवी पत्ती पहिल्याच दिवशी तासभर वाजवू नये. रोज पाच-दहा मिनिटं, असं आठवडाभर करावं. चार-पाच पत्त्या फिरत्या ठेवल्या तर एकीवर ताण येत नाही, आणि सगळ्या एकाच वेळी संपतही नाहीत.

वाजवून झाल्यावर पत्ती काढावी, आतलं पाणी फुंकून घालवावं, मऊ फडक्याने बाहेरून टिपावं आणि अर्धा-एक तास सावलीत मोकळी राहू द्यावी. मगच डबीत. ओली पत्ती थेट डबीत घातली तर बाकी सगळ्यांनाही बुरशीचा प्रसाद मिळतो. सनईच्या नळीला आतून तेलाचं बोट फिरवतात. त्या तेलाचा थेंब पत्तीला लागू देऊ नये. तेलकट पत्ती पाणी घेत नाही आणि बोलतही नाही.

जुनी पत्ती सापडली तर

इथे वादकाचा नियम आणि संग्राहकाचा नियम वेगळा होतो. तीस-चाळीस वर्षांपूर्वीची पत्ती पुन्हा वाजवायचा मोह होतो. तो आवरावा. भिजवली की ती बहुधा फाटते, आणि तिच्यातली बुरशी फुप्फुसात नेण्यात शहाणपण नाही. ती आता वाद्याचा भाग नाही, पुरावा आहे.

तिला धुऊ नये, दोरा सोडू नये. आहे तशी, पट्टी शेजारी ठेवून चारही बाजूंनी छायाचित्रं काढावीत. लांबी, चपट्या तोंडाची रुंदी, गोल टोकाचा व्यास, दोऱ्याचे वेढे आणि रंग, आतली नळी पितळेची की तांब्याची, हे लिहून ठेवावं. पत्ती नळीवर घट्ट बसलेली असेल तर ओढू नये. सुटी असेल तर आम्लरहित कागदाच्या पुडीत, वरच्यासारख्या डब्यात, ५० ते ५५ टक्क्यांवर ठेवावी. वाजती पत्ती ६०-६५वर ठेवतो, ही जरा कमीवर. हिला वाजायचं नाही, फक्त टिकायचं आहे, आणि बुरशीपासून जितकं दूर तितकं बरं. महत्त्वाचं म्हणजे आकडा वर्षभर फारसा हलू नये. पुडीवर घराचं गाव आणि सापडल्याची तारीख लिहावी.

या मोजमापांचा उपयोग काय? पत्तीच्या तोंडावरून आणि नळीच्या लांबीवरून वाद्य कुठल्या पट्टीत वाजत असेल याचा अंदाज बांधता येतो. दहा घरांतल्या दहा पत्त्या मोजल्या तर एका भागातल्या वादकांची घडण एकसारखी होती का, ती भंडाऱ्याकडची की छत्तीसगढाकडची, हे विचारता येतं. कागदावर न लिहिलेल्या परंपरेचा इतिहास अशाच वस्तूंतून काढावा लागतो.

सोलापूर-अक्कलकोटकडे सनईच्या लहान बहिणीला, सुंदरीला, जाधव घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जपलं. बिस्मिल्ला खाँ यांच्यामुळे शहनाई मैफलीत बसली आणि २००१ साली त्यांना भारतरत्न मिळालं. मैफलीच्या सनईच्या ध्वनिमुद्रिका आहेत, चरित्रं आहेत. वैनगंगेकाठच्या वरातीत जी सनई वाजली तिच्या बाबतीत मात्र ज्यांना विचारता येईल ती माणसं आता म्हातारी झाली आहेत. बँड आला, मग कॅसिओ, मग डीजे. सूर धरणाऱ्याची जागा विजेच्या सूरपेटीने घेतली. मुलांनी दुसरी कामं धरली, यात त्यांना दोष देता येत नाही.

म्हणून वाचकांना एकच सांगणं. तुमच्या ओळखीत कुणी सनईवाले काका-आजोबा असतील, तर त्यांचं वाजवणं टिपून घ्याच, पण पत्तीबद्दलही विचारा. गवत कुठल्या नाल्यावरून आणत? कापायचं कुठल्या महिन्यात, हिरवं की वाळलेलं? किती दिवस सुकवत, तासायला काय वापरत? उन्हाळ्यात पत्ती कशात ठेवत? हे सगळं त्यांच्या हातांना ठाऊक आहे, आणि सहसा कुणी विचारत नाही. सनईची नळी कुठलाही चांगला सुतार पुन्हा घडवील. नाल्यावरचं नेमकं गवत आणि ते कापायचा नेमका महिना एकदा विसरला, की परत शोधायला कुठे जायचं?